चलान आलं तर आधी फोटो बघा

(मानपाड्यातल्या मासिक सभेत आपल्या संघाच्या कोषाध्यक्ष ताईंनी जे सांगितलं, ते ज्यांना येता आलं नाही त्या सगळ्या सभासदांसाठी इथे देत आहोत. बोलण्यातली भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



आज खरं तर मी हप्त्यांबद्दल बोलणार होते. थकलेले हप्ते, गैरहजेरीचा दंड, नेहमीचंच. पण मागच्या महिन्यात कर्जमागणीचे अर्ज बघताना एक गोष्ट लक्षात आली. बारा अर्जांपैकी पाच अर्ज स्कूटरसाठी होते. पूर्वी शिलाई मशीनला कर्ज मागायचे, मग पापडाच्या मशीनला, आता स्कूटरला. आणि बरोबरच आहे ते. सुकी मासळी, तांदळाच्या भाकरी, भाजी घेऊन काटई नाक्यापासून पलावापर्यंत मोठमोठ्या बिल्डिंगींत जायचं तर रिक्षाला पैसे घालून हातात काय उरणार? आपल्या आसपासची सत्तावीस गावं २०१५ मध्ये पुन्हा महापालिकेत आली, तेव्हापासून आपण कागदावर शहरातल्या बायका आहोत. पण बस अजून गावातल्यासारखीच येते. म्हणून स्कूटर.

तर स्कूटर आली, की तिच्या मागनं चलान येतं. त्यावर बोलू.

मी वकील नाही, पोलीस नाही. पण गेल्या सहा महिन्यांत आपल्या सभासदांची चलानं घेऊन मी ज्या ज्या दारात गेले आणि जे शिकले, तेवढंच सांगते. सुरुवात माझ्याच मूर्खपणापासून करते, म्हणजे तुम्हाला बरं वाटेल.

उन्हाळ्यात एका दुपारी माझ्या व्हॉट्सॲपवर मेसेज आला. 'तुमच्या गाडीचं चलान थकलं आहे, ताबडतोब बघा, नाहीतर गाडी जप्त होईल.' वर पोलिसांच्या टोपीसारखं चित्र. खाली एक फाईल, तिच्या नावात 'आरटीओ चलान' आणि शेवटी 'एपीके'. मी घाबरले. आदल्या आठवड्यात मी खरंच सिग्नलला पट्ट्याच्या पुढे गाडी उभी केली होती, मनात चोर होताच. दाबली फाईल. फोनने काहीतरी विचारलं, त्यालाही हो म्हटलं. चलान काही दिसलंच नाही. अर्ध्या तासात खात्यातून सहा हजार दोनशे गेले.

पैसे माझे होते. पण गटाच्या बँक खात्यालाही तेव्हा माझाच नंबर जोडलेला होता. ती संध्याकाळ मी कशी काढली ते मलाच ठाऊक. अठरा बायकांची पाच वर्षांची बचत. मुलीने १९३० ला फोन लावला, तो सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे. मग बँकेत पळालो, खातं गोठवलं. दोन हजार अडवले गेले, बाकीचे गेले ते गेलेच. गटाच्या खात्याला धक्का लागला नाही, पण तो माझ्या हुशारीने नाही, नशिबाने.

म्हणून पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवा. चलान कधीही फाईल उघडून बघायचं नसतं. मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवायचं नाही, मेसेज खरा असला तरी नाही. आपण स्वतः महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलानच्या साईटवर जायचं, जिच्या पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' असतं. नाहीतर त्यांचं महाट्रॅफिक नावाचं ॲप आहे, ते प्लेस्टोअरमधून घ्यायचं. तिथे गाडीचा नंबर टाकायचा आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे. ते आकडे आरसी बुकावर असतात. खरंच चलान असेल तर तिथे दिसणारच. तिथे नसेल, तर ज्याने मेसेज पाठवला त्याला तुमची काळजी नाही, तुमच्या खात्याची आहे.

आता खरं चलान आलंय असं धरू. बहुतेक बायका दोनपैकी एक करतात. एक तर घाबरून त्याच रात्री मुलाला सांगून भरून टाकतात. नाहीतर 'बघू पुढे' म्हणून सोडून देतात आणि ते साठत जातं. दोन्हींच्या मध्ये बरंच काही आहे. ते समजायला आपल्या एका सभासदाची गोष्ट सांगते. तिची परवानगी घेतली आहे, नाव मात्र सांगत नाही. सभेत बसलेल्यांना कळेलच, कळू दे.

या ताईंनी गटाकडनं तीस हजार कर्ज घेतलं, स्वतःचे आठ हजार घातले आणि सेकंडहँड स्कूटर ठरवली अडतीस हजाराला. विकणारा ओळखीतला, भावाच्या कंपनीतला. एक शहाणपणा तिने केला, तो आधी सांगते. तिने चौतीसच हजार दिले. चार हजार हातात ठेवले आणि साध्या कागदावर लिहून घेतलं, की गाडी नावावर झाल्यावर उरलेले देईन. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिची सासू म्हणाली होती, म्हैस घेताना पण आपण दूध काढून बघतो ना.

महिना गेला. दर महिन्याला गटाचं व्याज चालू झालं. आणि आरटीओत कळलं, की गाडी नावावर होत नाही. का? तर गाडीवर आठ चलानं थकलेली, सहा हजार रुपयांची. चलानं थकली की गाडीवर संगणकात खूण लागते आणि मग नाव बदलणं अडतं. तोपर्यंत ही ताई दुसऱ्याच्या नावावरची गाडी घेऊन फिरत होती. उद्या कुणाला धक्का लागला असता तर कागद कुणाचे, जबाबदारी कुणाची, विम्याचं काय, सगळाच घोळ.

विकणारा म्हणाला, गाडी आता तुमची, चलानं तुमची. ही म्हणाली, सगळी चलानं मी घ्यायच्या आधीच्या तारखांची. दोघांची भांडणं झाली. मध्ये एक एजंट उगवला. मला तीन हजार रोख द्या, आठवड्यात सगळं साफ करून देतो, माझी आत ओळख आहे. ताई पैसे द्यायला निघालीच होती. गटाच्या बैठकीत सहज बोलली म्हणून कळलं.

बायांनो, ओळखीवर चलान साफ होत नाही. ते नोंदीतून जातं ते दोनच वाटांनी. पैसे भरले गेले तर, नाहीतर पोलिसांनी किंवा कोर्टाने निकाली काढलं तर. एजंट फार तर काय करणार? तुमच्याच पैशातून थोडे भरणार, उरलेले खिशात. किंवा ते पण नाही. आणि कुणीही, वर्दीतलं असो की बिनवर्दीतलं, पावतीशिवाय पैसे मागत असेल तर लाचलुचपत विभागाचा नंबर १०६४ आहे. तो फोनमध्ये लिहून ठेवा.

आम्ही चौघी बसलो आणि आठही चलानं साईटवर एकेक करून उघडली. प्रत्येक चलानात तारीख, वेळ, ठिकाण, गुन्हा आणि फोटो असतो. चार हेल्मेटची, पाचशे-पाचशे. एक ट्रिपल सीटचं, हजार. एक मोबाईलवर बोलताना, हजार. आणि दोन नो-पार्किंगची. त्यातलं पहिलं पाचशेचं आणि दुसरं दीड हजाराचं. कारण महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून जे दर लागू झाले त्यात अशा किरकोळ गुन्ह्याला पहिल्या वेळी पाचशे आणि पुन्हा केला की दीड हजार. आठांची बेरीज बरोबर सहा हजार.

त्या दीड हजाराच्या चलानावर ठिकाण लिहिलं होतं, मानपाडा. विकणाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, हो, मानपाड्याला मी रोजच येतो, असेल माझंच. पण खाली पूर्ण पत्ता वाचला तर घोडबंदर रोड! म्हणजे आपलं डोंबिवलीकडचं मानपाडा नाही, ठाण्याचं मानपाडा. पुलाजवळचं. तिथे तो माणूस जन्मात गेला नव्हता. मग फोटो मोठा करून बघितला. फोटोत काळी मोटरसायकल. आपली गाडी पांढरी स्कूटर. नंबर प्लेटवर मातीचा थर होता आणि तीनचा आकडा आठ वाचला गेला होता. तेवढंच.

आम्ही अर्धा तास हसत होतो. पण विचार करा, फोटो बघितलाच नसता तर? भरून मोकळे झालो असतो दीड हजार, दुसऱ्याच्या मोटरसायकलचे. आणि एकदा पैसे भरले की तुम्ही गुन्हा मान्य करून तडजोड केली असा अर्थ होतो. त्यानंतर माझी गाडीच नव्हती म्हणून कुणाकडे रडणार? म्हणून भरायच्या आधी फोटो. प्रत्येक चलानाचा. गाडीचा रंग, कंपनी, नंबर, मागे बसलेलं माणूस, सगळं. आपण त्या दिवशी कुठे होतो तेही आठवायचं. गटाच्या बैठकीत असलात तर आपलं इतिवृत्त पुस्तक आहेच साक्षीला, सहीसकट.

चूक सापडली तर काय करायचं? त्याच साईटवर तक्रारीची सोय आहे. चलान नंबर टाकायचा, काय चुकलं ते दोन ओळीत लिहायचं आणि आपल्या गाडीचा नंबर दिसेल असा फोटो जोडायचा. आम्ही ते केलं, शिवाय वाहतूक शाखेच्या कार्यालयात पण गेलो, कारण नुसत्या ऑनलाईनवर माझा जीव बसत नाही. आपला भाग ठाणे शहर पोलीस आयुक्तालयात येतो आणि त्यांच्या वाहतूक शाखेचं मुख्य कार्यालय ठाण्यात तीन हात नाक्याला आहे. जाताना आरसीची झेरॉक्स, आधार, चलानाची छापलेली प्रत आणि गाडीचे पुढून-मागून काढलेले फोटो नेले. अर्जाच्या दोन प्रती. एक द्यायची, दुसरीवर पोच घ्यायची. पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही, हे तर तुम्हाला पंचायतीपासून माहीत आहे. वीस-बावीस दिवसांनी ते चलान साईटवरून गेलं. साहेबांनी चहाही विचारला, पण आम्ही काही थांबलो नाही, साडेपाचची गाडी होती.

राहिली सात चलानं, साडेचार हजाराची. ती खरी होती. फोटोत विकणारा स्वतः, हेल्मेट आरशाला लटकवलेलं! त्याला फोटो दाखवल्यावर त्याचा आवाज खाली आला. हातात ठेवलेले चार हजार कामाला आले, पाचशे त्याने घातले, सगळी चलानं तिथल्या तिथे ऑनलाईन भरली आणि पावत्या छापून घेतल्या. ते चार हजार हातात नसते तर अजून भांडत बसलो असतो.

आता यातनं दोन नियम आपल्या कर्ज समितीने करून टाकावेत असं माझं मत आहे. सेकंडहँड गाडीसाठी कर्जाचा अर्ज आला की अर्जाला त्या गाडीच्या चलानाच्या पानाची छापील प्रत जोडलेली पाहिजे. पाच मिनिटांचं काम आहे. आणि गाडी नावावर होईपर्यंत काही रक्कम हातात ठेवायची. कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत. हे जशी घेणाऱ्याला लागू, तशी आपण जुनी गाडी विकतो तेव्हा आपल्यालाही. आपल्या एका मावशींनी तीन वर्षांपूर्वी स्कूटर भंगारवाल्याला दिली असं त्या समजत होत्या. ती स्कूटर अजून कुठेतरी भिवंडीत पळते आहे, आणि चलानं येतात मावशींच्या नावावर.

आणखी एक छोटं पण महत्त्वाचं. आपल्या गाडीला कुणाचा मोबाईल नंबर जोडलाय ते बघा. मी विचारलं तर अकरा जणींपैकी चौघींच्या गाडीला शोरूमच्या पोराचा नंबर होता! चलानाचा एसएमएस त्याला जाणार, तुम्हाला कसं कळणार? परिवहनच्या साईटवरून नंबर बदलता येतो, नाहीतर आरटीओत जाऊन.

आता समजा चलान आपल्याच गाडीचं आहे, फोटोही आपलाच आहे, पण आपल्याला ते मान्य नाही. म्हणजे सिग्नल बंद होता, किंवा मेट्रोच्या कामामुळे शीळ रस्त्यावर हवालदारानेच हात करून उलट्या बाजूने सोडलं आणि पुढच्याने फोटो काढला. असं होतं. मग कोर्ट आहे. कोर्ट म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो. पण चलान भरलंच पाहिजे असं नाही, 'मला हे मान्य नाही' म्हणायचा हक्क कायद्यानेच दिलाय. न भरलेली चलानं कोर्टाकडे जाऊ शकतात. आपल्या राज्यात वाहतूक चलानांसाठी ऑनलाईन कोर्ट, ज्याला व्हर्च्युअल कोर्ट म्हणतात, ते नागपूर जिल्ह्यातल्या काटोलला २०२० मध्ये सुरू झालं. तिथे प्रकरण गेलं असेल तर व्हर्च्युअल कोर्टाच्या सरकारी साईटवर दोन पर्याय दिसतात, दंड भरतो किंवा लढतो. लढतो म्हटलं की प्रकरण आपल्या भागातल्या नेहमीच्या कोर्टाकडे येतं. तिथे मग तारीख, आपला पुरावा, त्यांचा पुरावा. २०२१ मध्ये केंद्राने जे नियम केले, त्यात कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांच्या आत पाठवायची आणि सोबत फोटो, तारीख, वेळ, ठिकाण, कोणतं कलम मोडलं हे सगळं द्यायचं असं लिहिलंय. म्हणजे फोटो मागणं ही मेहेरबानी नाही.

पण प्रामाणिकपणे सांगते. पाचशेच्या चलानासाठी कल्याण कोर्टात चार फेऱ्या मारायच्या तर चार दिवसांची मजुरी बुडते. ते परवडतं का, हे जिचं तिने बघावं. लायसन निलंबित होणार असेल, रक्कम मोठी असेल, किंवा अपघाताचा संबंध असेल तर लढणं वेगळं. चिडून पाचशेसाठी लढू नका, आणि घाबरून पाच हजार भरू नका.

आणि वकिलाच्या फीची चिंता असेल, तर हे ऐका. विधी सेवा प्राधिकरणाचा १९८७ चा कायदा आहे. त्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची अट नाही. म्हणजे उत्पन्नाचा दाखला काढायला तहसीलला पण जायचं नाही, फक्त बाई असणं पुरे. आयुष्यात एकदा तरी बाई असण्याचा फायदा झाला! कल्याण कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समिती आहे, ठाण्याला जिल्हा प्राधिकरण आहे. फोन १५१००. हा नंबर फक्त चलानासाठी नाही. मारहाण, पोटगी, जमिनीचा वाद, कशालाही. तो मी बैठकीच्या खोलीत भिंतीवर लिहून ठेवलाय.

मग लोकअदालत. हा शब्द तुम्ही ऐकलाय, कारण वर्षातनं काही वेळा राष्ट्रीय लोकअदालत असते आणि तेव्हा थकलेल्या चलानवाल्यांना मेसेज जातात. कोर्टात जाण्याआधीच मिटवायची प्रकरणं, दाखलपूर्व म्हणतात त्यांना. तिथे फी नाही. एका दिवसात मिटतं. पण दोन गोष्टी समजून जा. लोकअदालत ही लढायची जागा नाही, मिटवायची आहे. तिथे जो निर्णय होतो तो अंतिम, त्यावर अपील नाही. म्हणून चलानच चुकीचं असेल तर आधी तक्रार करा, लोकअदालतीत जाऊन ते मान्य करून बसू नका. आणि दुसरं, 'लोकअदालतीत अर्धं माफ' असं व्हॉट्सॲपवर फिरत असतं. कधी कुठे सवलत मिळाली असेल. पण मिळेलच, किती मिळेल, कोणत्या गुन्ह्याला मिळेल, हे त्या त्या वेळी ठरतं. अर्ध्याच्या आशेने दोन वर्षं चलानं साठवणाऱ्या बायका मला माहीत आहेत. त्यातली एक तर आपल्याच कार्यकारिणीत आहे, ती आता खाली बघते आहे.

रस्त्यात अडवलं तर? घाबरून गाडी वळवून पळू नका, त्यात हातपाय मोडतात. थांबा, कागद दाखवा. कागद घरी राहिले तरी डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये लायसन, आरसी असेल तर ते चालतं, मूळ कागदासारखंच. चलान केलं तर तिथेच भरलं पाहिजे असं नाही. नंतर बघून भरते म्हणा. तुमच्या हातात मशीनवरची नोंद किंवा एसएमएस येतो. २०२५ मध्ये पोलिसांच्या वाहतूक मुख्यालयाने परिपत्रक काढून सांगितलं, की कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या खाजगी मोबाईलवर गाड्यांचे फोटो काढून नंतर चलान करू नये. ते माहीत असू द्या. पण रस्त्यात उन्हात उभ्या असलेल्या हवालदाराला परिपत्रक शिकवायला जाऊ नका. नाव आणि वेळ लक्षात ठेवा, तक्रार घरी येऊन लिहा. त्यांची पण बारा तासांची ड्युटी असते आणि डोक्यावर मेट्रोची धूळ.

आता थोडं कडू बोलते.

आपल्यातल्या निम्म्या गाड्या आपल्या नावावर आहेत आणि चालवतात मात्र घरातले पुरुष. कर्ज आपलं, नाव आपलं, हप्ता आपला. चलान पण मग आपलंच, कारण संगणकाला गाडीचा मालक दिसतो, चालवणारा नाही. 'ह्यांनी' हेल्मेट घातलं नाही म्हणून आलेलं पाचशेचं चलान भाकरीच्या पैशातून भरणाऱ्या वहिनी इथे बसल्या आहेत. मी म्हणते, घरात सांगा, गाडी घेऊन जायची तर चलान चालवणाऱ्याचं. फोटोत तोंड दिसतंच आहे.

पण पाचशे ही किरकोळ गोष्ट आहे. मोठी गोष्ट मुलांची आहे. दहावी-अकरावीचा मुलगा गाडी घेऊन क्लासला जातो आणि आपल्याला कौतुक वाटतं. अठरा वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवली आणि गुन्हा घडला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ प्रमाणे दोषी धरतात पालकाला किंवा गाडीच्या मालकाला. दंड पंचवीस हजार, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. हे रस्त्यावर पावती फाडून मिटत नाही, हे कोर्टातच जातं. मला माहीत नव्हतं, माझ्या नकळत त्याने नेली, असं म्हणायची सोय कायद्यात आहे, पण ते तुम्हाला सिद्ध करावं लागतं. चावी खुंटीला टांगलेली असेल तर कसं सिद्ध करणार? सोळा वर्षांवर लायसन मिळतं असं मुलं सांगतात, ते फक्त पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीला. आपल्या दारात उभ्या असतात त्या स्कूटर शंभरच्या वरच्या आहेत.

दारू पिऊन चालवण्याचंही तसंच. ते पण तडजोडीत बसत नाही, कोर्टच. घरात ज्यांना सांगायचं त्यांना सांगा, माझं नाव घेऊन सांगा हवं तर.

आणि आपण स्वतः. मी बैठकीत हात वर करायला लावले. स्कूटर चालवणाऱ्या तेवीस, लायसन असलेल्या चौदा. म्हणजे नऊ जणी बिनलायसनच्या. बिनलायसनला पाच हजार, आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर लायसन नसलेल्याला गाडी दिली म्हणून त्या मालकालाही पाच हजार. विमा नसेल तर पहिल्या वेळी दोन हजार. तो दंड तर काहीच नाही. बिनविम्याच्या गाडीने कुणाला उडवलं तर भरपाई आपल्या घरातून, आपल्या दागिन्यांतून जाते. हेल्मेट मागे बसणारीलाही लागतं, आणि कायद्यात हेल्मेटसाठी लायसन तीन महिने निलंबित करण्याची पण तरतूद आहे. अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही हे मला माहीत आहे. मी वेणी घालायला लागले.

लर्निंग लायसन आता आधार कार्डावर घरी बसून, मोबाईलवर किंवा कॉम्प्युटरवर परीक्षा देऊन मिळतं. पक्क्या लायसनला मात्र आरटीओत गाडी चालवून दाखवावी लागते. त्या नऊ जणींसाठी येत्या दोन रविवारी दुपारी तीन वाजता बैठकीच्या खोलीत बसू. माझी मुलगी फॉर्म भरून देईल, प्रश्नांचा सरावही घेईल. येताना आधार, आधारला जोडलेला मोबाईल आणि पासपोर्ट फोटो आणा. गाडीवाल्या बाकीच्यांनी आरसी आणा, म्हणजे कुणावर काय थकलंय तेही त्याच वेळी बघून घेऊ.

स्कूटरवाल्या त्या ताईंचं काय झालं ते राहिलंच. गाडी गेल्या महिन्यात नावावर झाली. तिने सासूबाईंना मागे बसवून काटईपर्यंत चक्कर मारली. दोघींच्या डोक्यावर हेल्मेट होतं, सासूबाईंनी ते पदराच्या वरनं घातलं होतं. हप्ता एक थकलाय, तो पुढच्या बैठकीत देते म्हणाली आहे.